कात्री मिटते, पण उघडत नाही

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, मी विट्याची. वय ४७. गेली २२ वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते, घर त्यावरच चालतं. आषाढात अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि उजव्या तळहातावर पडले. एक्स-रेत मनगटाच्या हाडाला बारीक चीर दिसली, हाड जागचं हललेलं नव्हतं. पाच आठवडे प्लास्टर होतं. ते काढल्यावर मनगट आखडलेलं होतं, मागच्या बाजूला थोडं दुखायचं, पण काम सुरू केलं. बाराव्या-तेराव्या दिवशी कापड कापताना मनगटात टक्कन काहीतरी झालं. फार दुखलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून कात्री मिटता येते, उघडता येत नाही. अंगठा वर उचलतच नाही. पुन्हा एक्स-रे काढला, तर 'हाड छान जुळलंय, व्यायाम करा' असं सांगितलं. दीर म्हणतात मानेतली नस दबली असेल, मानेचा एमआरआय कर. शेजारच्या आजी शीर बसवून देते म्हणतात. एका सेंटरवर हाताच्या एमआरआयचे साडेसात हजार सांगितले, दुसरीकडे म्हणाले सोनोग्राफीत दिसेल. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, सोनोग्राफी तर पोटाची असते! एक्स-रे चांगला आहे तर अंगठा का उचलत नाही? नक्की कुठली तपासणी करू? दिवाळीची गिऱ्हाइकं दारात आहेत.

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: कात्री मिटता येते, उघडता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा 'अंगठा दुखतो' किंवा 'मनगटाची तपासणी' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून कुठे बघायचं तेच कळत नाही. तुम्ही मात्र अंगठ्याची कुठली हालचाल राहिली आणि कुठली गेली ते इतकं नेमकं सांगितलंत की निम्मं निदान त्यातच आहे.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे, तुमचा हात मी पाहिलेला नाही. तो हाताच्या शल्यतज्ज्ञांनी किंवा अस्थिरोगतज्ज्ञांनी हातात घेऊन तपासायला हवा, आणि तोही याच आठवड्यात. पण पत्रावरून माझी दाट शंका अशी आहे की तुमचा अंगठा मागे आणि वर खेचणारी लांब कंडरा मनगटापाशी तुटली आहे. डॉक्टर तिला एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस म्हणतात. नाव लांबलचक असलं तरी लक्षात ठेवा, पुढे चिठ्ठीवर लागेल.

आधी 'शीर' या शब्दाचा गुंता सोडवू. आपण हातावरच्या निळ्या रक्तवाहिनीला शीर म्हणतो, मुंग्या आल्या की शीर दबली म्हणतो, आणि मान अवघडली की शीर आखडली म्हणतो. तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द. रक्तवाहिनी रक्त नेते. मज्जातंतू, ज्याला दीर नस म्हणतात, मेंदूचा निरोप नेतो. कंडरा हा स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा, चिवट दोर असतो. निरोप पोहोचला, स्नायू आखडला, पण मधला दोरच तुटलेला असेल तर अंगठा हलणार कसा? तुमच्या घरात मानेचा एमआरआय आणि शीर बसवणं हे दोन्ही सल्ले या एका शब्दाच्या गोंधळातून आले आहेत. सल्ले मायेचे आहेत, पण पत्ता चुकला आहे.

आता ही कंडरा जाते कुठून ते बघा. डाव्या हाताच्या बोटाने उजव्या मनगटाची मागची बाजू चाचपा. मध्याच्या किंचित अंगठ्याकडे हाडाचा एक छोटा उंचवटा लागेल. त्याला लिस्टरचा उंचवटा म्हणतात. कोपराखालच्या स्नायूकडून आलेली ही कंडरा या उंचवट्याच्या कडेने वळते आणि तिरकी अंगठ्याकडे जाते, रहाटावरून दोर वळावा तशी. तिथे ती हाडाची खाच आणि वरचा घट्ट पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून जाते. त्या जागी तिला रक्तपुरवठाही मुळातच तुटपुंजा असतो. हाड मोडून बरंच सरकलं तर बहुधा तो पट्टाही फाटतो आणि आतलं रक्त बाहेर पसरायला वाट मिळते. तुमच्यासारखी नुसती चीर गेली तर पट्टा शाबूत राहतो, रक्त आणि सूज बोगद्यातच कोंडते आणि कंडरेचा उरलासुरला रक्तपुरवठा दाबला जातो. शिवाय जुळणाऱ्या हाडाचा खरखरीतपणा असतोच. दोर आतून झिजत जातो आणि काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, एखाद्या साध्या कामात तुटतो. म्हणून किरकोळ वाटणाऱ्या, न सरकलेल्या फ्रॅक्चरनंतरच हा प्रकार विशेष करून दिसतो. प्लास्टर काढल्यावर मनगटाच्या मागे जे दुखत होतं, ती बहुधा याची आगाऊ खूण होती. यात तुमची चूक काही नाही. कात्री त्या दिवशी हातात धरली नसती तर कढई उचलताना तुटली असती.

हा आजार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यातल्या नगारे वाजवणाऱ्या तरुणांचा अंगठा असाच अचानक पडायचा. काठी धरून धरून हीच कंडरा झिजायची. लोकांना तो लकवा वाटायचा आणि नावही तसंच पडलं, नगारेवाल्यांचा लकवा. म्हणजे नस की दोर हा गोंधळ तेव्हाही होताच.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी एवढं करून पाहा, जोर न लावता. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवा. बाकीचा हात न हलवता फक्त अंगठा छताकडे उचला. डावा उचलेल. उजवा टेबलाला चिकटूनच राहिला, तर शंका आणखी पक्की होते, कारण ही एक हालचाल दुसरी कुठलीही कंडरा करू शकत नाही. मग दोन्ही अंगठे बाहेर ताणून त्यांच्या मुळाशी पडणारा खळगा बघा. पूर्वी तपकीर ओढणारी माणसं तिथे चिमूटभर तपकीर ठेवायची, इंग्रजीत त्या खळग्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. त्याची बोटांकडची कड म्हणजे हीच कंडरा. डाव्या हातावर तिची दोरी टरारून वर आलेली दिसेल. उजव्या हातावर ती दोरी दिसत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

इथे एक फसवी जागा आहे. कंडरा पूर्ण तुटली तरी पुष्कळ जणींना अंगठ्याचं फक्त टोक सरळ करता येतं, कारण तळहातातल्या लहान स्नायूंचे धागे मागच्या पडद्यात मिसळलेले असतात आणि ते थोडं काम भागवतात. 'पेर सरळ होतंय ना, मग सगळं ठीक आहे' असं म्हणून तपासणी तिथेच थांबली तर निदान हुकतं. टेबलावरून अंगठा उचलून दाखवायचा आग्रह तुम्ही स्वतः धरा.

मानेच्या किंवा हाताच्या नसेचं काय? कोपराखाली मज्जातंतू दबला तर अंगठ्याबरोबर सहसा बाकीची बोटंही उचलेनाशी होतात. डॉक्टर आणखी एक सोपी गोष्ट करतात. तुमचा हात सैल सोडायला सांगून मनगट हलकेच खाली झुकवतात. कंडरा अखंड असेल तर ती ताणली जाऊन अंगठा आपोआप मागे सरकतो, नस काम करत नसली तरीसुद्धा. तुटली असेल तर अंगठा लोंबताच राहतो. या परीक्षेला पैसा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं, आणि मानेच्या एमआरआयची गरज आहे की नाही हे तीच सांगते. तुमच्या पत्रात मानदुखी नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, आणि 'टक्कन' झाल्याचा नेमका क्षण आहे. मानेच्या एमआरआयवर मी तरी आज एक रुपया खर्च करणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एक्स-रे चांगला, मग अंगठा का उचलत नाही? कारण एक्स-रेत कंडरा दिसतच नाही. क्ष-किरण शोधणाऱ्या रॉन्टजेन यांनी १८९५च्या डिसेंबरमध्ये पत्नीच्या हाताचं जे पहिलं प्रसिद्ध चित्र काढलं, ते तुम्ही मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात कदाचित पाहिलं असेल. त्यात बोटांची हाडं आहेत, बोटातली अंगठी ठळक आहे, आणि हात हलवणारी एकही कंडरा नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, यंत्रं कितीतरी सुधारली, तरी साध्या एक्स-रेचा हा स्वभाव बदललेला नाही. 'हाड छान जुळलंय' हे तुमच्या डॉक्टरांचं वाक्य खरंच होतं. ते हाडाबद्दल होतं एवढंच. दोराबद्दल त्या फिल्मला काही विचारलंच गेलं नव्हतं.

तरीही तो एक्स-रे टाकू नका, दोन्ही फिल्म बरोबर न्या. चीर कुठे होती, जुळताना मागच्या बाजूला हाडाची टोकदार कड आली आहे का, हे त्यातच कळतं. ज्यांच्या मनगटात प्लेट बसवली आहे त्यांच्या बाबतीत तर स्क्रूचं टोक मागे बाहेर येऊन कंडरेला घासतंय का, ही एक्स-रेवरची पहिली शोधाशोध असते.

आणि जाऊबाईंना सांगा, सोनोग्राफी पोटाचीही असते आणि अंगठ्याचीही. आपल्याकडे सोनोग्राफीच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी कायद्याने लावावीच लागते, त्यामुळे हे यंत्र बाळासाठीच असतं असा समज घट्ट बसला आहे. तुमच्या प्रश्नासाठी मी पहिली तपासणी हीच निवडेन. पोटासाठी आम्ही कमी वारंवारतेचा, खोल जाणारा आवाज वापरतो. कंडरा कातडीखाली काही मिलिमीटरवरच असते, म्हणून तिच्यासाठी १२ ते १८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे जास्त वारंवारतेचा प्रोब (कातडीवर फिरवायचा यंत्राचा भाग) लागतो. हा आवाज खोल जात नाही, पण इतका बारकावा दाखवतो की कंडरेचे उभे धागेसुद्धा दिसतात, नऊवारीच्या काठातल्या ताण्यासारखे एकमेकांना लागून. फोन करून वेळ घेताना एवढंच विचारा: 'हात-मनगटाच्या कंडरांची सोनोग्राफी तुमच्याकडे नेहमी होते का?' फक्त पोटाची आणि गरोदरपणाची तपासणी करणारं केंद्र असेल तर दुसरं शोधा, कारण ही तपासणी करणाऱ्याच्या सरावावर फार अवलंबून असते. विट्यापेक्षा सांगली-मिरजेकडे असं केंद्र मिळण्याची शक्यता जास्त.

तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे भीती वाटणार नाही. हात टॉवेलवर पालथा ठेवायचा, वर भरपूर जेल. आम्ही आधी तो लिस्टरचा उंचवटा पकडतो, मग त्याच्या कडेला तुमची कंडरा शोधतो. अखंड असेल तर गोल, उजळ ठिपका दिसतो आणि प्रोब पुढे सरकवला की तो ठिपका दोन शेजारच्या कंडरांवरून तिरका ओलांडून अंगठ्यापर्यंत आपल्याबरोबर येतो. तुटली असेल तर मध्येच तो ठिपका हरवतो. रिकामा बोगदा, त्यात थोडं पाणी किंवा राखाडी गाळ, आणि पुढेमागे फुगलेली, फाटक्या दोरीसारखी दोन टोकं. वरचं टोक स्नायूच्या ओढीने कोपराकडे सरकलेलं असतं, म्हणून आम्ही प्रोब हाताच्या मध्यापर्यंत नेतो. चांगला तपासनीस दोन्ही टोकांच्या जागी कातडीवर पेनाने खूण करून मधलं अंतर मोजून देतो. शल्यतज्ज्ञांना त्या खुणा मोलाच्या असतात.

यात एक खाच आहे. प्रोब जरा तिरका धरला की धडधाकट कंडरासुद्धा काळी दिसते, जणू तुटलीच. आवाज परत यंत्राकडे न येता बाजूला फेकला जातो, एवढंच त्याचं कारण. म्हणून प्रोब मागेपुढे डोलवून बघावा लागतो आणि दुसऱ्या हाताशी ताडून पाहावं लागतं. तुमचा डावा हात तपासला नाही तर 'तोही बघता का?' असं विनासंकोच विचारा.

आणि अंगठा हलवून बघितल्याशिवाय उठू नका. हे इतकं ठासून सांगायचं कारण माझ्या अनुभवातलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गवंडी आला होता, मनगटात प्लेट असलेला. चिठ्ठीवर फक्त 'मनगटदुखी' होतं. मी हात स्थिर ठेवून पाहिलं. बोगदा भरलेला दिसला, आत दोरीसारखंच काहीतरी होतं. 'कंडरा अखंड' असा रिपोर्ट मी दिला. दुसऱ्या दिवशी त्याचे सर्जन स्वतः त्याला घेऊन माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, पुन्हा लावा, आणि याला अंगठा हलवायला सांगा. त्याने जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पडद्यावर आजूबाजूच्या कंडरा सरकत होत्या आणि मी जिला कंडरा म्हटलं होतं ती वस्तू तसूभरही हलत नव्हती. तो जखमेचा व्रण होता, रिकाम्या बोगद्यात भरलेला. त्या माणसाचं शस्त्रक्रियेचं वेळापत्रक माझ्या एका वाक्याने चुकलं असतं. तेव्हापासून मी बोट हलवायला सांगितल्याशिवाय कुठल्याही कंडरेचा रिपोर्ट लिहिलेला नाही. सोनोग्राफीचं खरं बळ इथेच आहे: हात चालू असताना आत काय चाललंय ते ती दाखवते. एमआरआयमध्ये हात उलट अगदी निश्चल ठेवावा लागतो.

मग एमआरआय कधी? सोनोग्राफीत चित्र धूसर राहिलं, हाडाच्या आतल्या सुजेचा किंवा मनगटातल्या अस्थिबंधांच्या (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांच्या) इजेचा संशय असला, किंवा सर्जनना एकाच वेळी संपूर्ण भाग डोळ्यांखाली हवा असला तर. यंत्र १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), त्यात क्ष-किरण नसतात, वेळ साधारण अर्धा तास लागतो, आणि बऱ्याच यंत्रांत पालथं झोपून हात डोक्यावर पुढे ताणून ठेवावा लागतो. ताज्या दुखऱ्या मनगटाला ते सोपं नसतं. तुम्हाला जे सेंटर हाताचा एमआरआय सांगतंय त्यात आणखी एक अडचण होऊ शकते. चित्राची चौकट मनगटापुरतीच ठेवली तर वर सरकलेलं टोक चौकटीबाहेर राहतं. साडेसात हजार खर्चूनही 'टोक दिसत नाही' असा रिपोर्ट हातात येऊ शकतो. करायचाच झाला तर खालच्या हातापासून अंगठ्यापर्यंतचा भाग घ्यायला सांगा, हातासाठीची वेगळी कॉइल (हाताभोवती बसवायचा, चित्रासाठी संकेत टिपणारा भाग) आहे का ते विचारा, आणि शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर आधीच सांगा. पण माझं मत स्पष्ट आहे: सर्जनच्या हातांनी केलेली तपासणी आणि नीट केलेली सोनोग्राफी जुळली, तर तुमच्या बाबतीत एमआरआयची गरज बहुधा पडणार नाही. सोनोग्राफीचा खर्च त्याच्या मानाने बराच कमी असतो, आणि वाचलेले पैसे तुम्हाला पुढच्या व्यायामाच्या फेऱ्यांना लागणार आहेत.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या: उजवी एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस कंडरा लिस्टरच्या उंचवट्यापाशी तुटली आहे का, टोकं कुठे आहेत, मध्ये अंतर किती, आणि तर्जनीची जादा कंडरा, एक्स्टेन्सर इंडिसिस, शाबूत आहे का. नुसतं 'मनगट' लिहिलेली चिठ्ठी आणि हे चार प्रश्न लिहिलेली चिठ्ठी यांतून येणारे रिपोर्ट दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतके वेगळे असतात.

शेवटचा प्रश्न का विचारायचा, तेही सांगते, कारण तुमच्या पुढच्या कामाचं उत्तर त्यात आहे. अशी झिजून तुटलेली कंडरा टोकाला टोक जोडून सहसा शिवता येत नाही. तुम्हीच सांगा, कुजून विरलेल्या कापडाला टाका धरतो का? टोकं फाटलेली असतात आणि वरचा स्नायू आखडलेला असतो. पण निसर्गाने तर्जनीला मागून उचलायला दोन कंडरा दिल्या आहेत. त्यातली एक सर्जन अंगठ्याकडे वळवून जोडतात. तर्जनी दुसऱ्या कंडरेवर उचलत राहते आणि अंगठ्याला नवा दोर मिळतो. काही ठिकाणी ही शस्त्रक्रिया हात तेवढा बधिर करून, रुग्ण जागा असताना करतात, म्हणजे टेबलावरच अंगठा उचलायला सांगून ताण बरोबर बसला की नाही ते बघता येतं. नंतर साधारण तीन-चार आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट, मग फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम. सुरुवातीला तर्जनी उचलायचा विचार केला की अंगठा उचलतो. मेंदू काही दिवसांत हे शिकतो. जड कामाला तीन एक महिने धरा. याचे परिणाम चांगले येतात, आणि शिवणकाम, सुतारकाम करणारी माणसं पुन्हा कामाला लागलेली मी पाहिली आहेत.

तोवर मालिश नको. शेजारच्या आजींचा हात हलका असेल, पण तुटलेला दोर चोळून जुळत नाही, आणि नुकत्याच जुळलेल्या हाडाला ओढाताण नको. कोणी 'सूज आहे, इंजेक्शन देतो' म्हणालं तर आधी कंडरेची सोनोग्राफी झाली आहे का ते विचारा. स्टिरॉइडचं इंजेक्शन झिजलेल्या कंडरेला आणखी कमकुवत करू शकतं. तुम्हाला संधिवात असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, पत्रात त्याचा उल्लेख नाही. रात्री गाडी करून धावण्यासारखं हे दुखणं नाही, मात्र संक्रांतीनंतर बघू असं म्हणण्यासारखंही नाही.

हेच वाचून कुणी आपला अंगठा तपासून पाहील, म्हणून दोन शब्द इतरांसाठी. विळीने, काचेने किंवा कोयत्याने अंगठ्याच्या तळहाताकडच्या बाजूला कापलं आणि टोकाचं पेर वाकत नसेल, तर ती अंगठा वाकवणारी, तळहाताकडची कंडरा आहे आणि तिथे घाई आहे. वरची कातडी शिवून दिली, रक्त थांबलं, म्हणून घरी बसू नका. ती कंडरा पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत शिवलेली बरी, त्यानंतर टोकं सरकून काम अवघड होतं. तिथे निदान तपासणाऱ्या हातांनी होतं, स्कॅनसाठी शस्त्रक्रिया अडवून ठेवत नाहीत. काच आत राहिल्याची शंका असेल तर एक्स-रे काढा, काच बहुधा त्यात दिसते. बाभळीचा काटा दिसत नाही, त्याला सोनोग्राफी.

दुचाकीवरून पडताना अंगठा बाहेर मुरगळला आणि मुळाच्या सांध्याला तर्जनीकडच्या बाजूने दुखतंय, चावी फिरवायला जोर येत नाही, तर ती कंडरा नसून सांध्याचा अस्थिबंध असतो. आधी एक्स-रे, हाडाचा कपचा निघाला आहे का ते बघायला. मग सोनोग्राफी किंवा एमआरआय. स्वीडनच्या स्टेनर यांनी १९६२मध्ये दाखवून दिलं की तुटलेला अस्थिबंध कधी कधी स्नायूच्या पडद्यावर अडकून बसतो, आणि मग कितीही आठवडे पट्टी बांधली तरी जुळत नाही. ते अडकणं स्कॅनमध्ये ओळखता येतं, आणि शस्त्रक्रिया करायची की पट्टीवर भागेल हे त्यावर ठरतं. बाळंतिणीचं बाळ उचलताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला दुखणं हा आणखी वेगळा, बऱ्यापैकी साधा आजार आहे. त्याचं निदान बहुतेक वेळा स्कॅनशिवाय होतं.

परत तुमच्याकडे येते. दिवाळीबद्दल खोटी आशा दाखवत नाही. शस्त्रक्रिया आता झाली तर दिवाळीपर्यंत तुमचा उजवा हात कापड कापण्यालायक होणार नाही. पण शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत मशीनवर बसायला हरकत आहे का, हे सर्जनना विचारा. दुखत नसेल तर काही जण परवानगी देतात. कापायचं काम मात्र आजपासून दुसऱ्या कुणाकडे द्या. गिऱ्हाइकांना आत्ताच सांगितलंत तर ती थांबतील किंवा दुसरीकडे जातील, पण ऐन वसुबारसेला कापड परत करण्यापेक्षा ते बरं. खर्चासाठी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात गेलात तर तिथल्या आरोग्यमित्राला ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते दाखल होण्याआधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा.

आणि ताई, डॉक्टरांकडे जाताना फिल्मच्या पिशवीत तुमची कात्रीही घ्या. अंगठा टेबलावर ठेवून उचलून दाखवा, मग कात्री हातात घेऊन मिटून दाखवा आणि उघडायचा प्रयत्न करून दाखवा. सोनोग्राफीच्या खोलीतही तेच करा.